प्रकल्प नोंदी: हॉल पाहणे सुरू आहे

२९ जून २०२५, रविवार

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होऊन आठवडा झाला आणि घरात एकच वाक्य फिरतंय: लग्नाचा हॉल पाहून घ्या. कुठला, किती माणसांचा, कोणत्या तारखेचा, यावर कुणी काही बोलत नाही. मी एका बांधकाम कंत्राटदाराकडे इस्टिमेटचं काम करते. आमच्याकडे मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही, म्हणून ही वही घातली. नवरदेवालाही हिच्यात लिहायची मुभा आहे, पण तो लिहिणार नाही. फोन त्याने करायचे, टेप मी लावायचा, अशी वाटणी झाली आहे.

पहिलं काम माणसं मोजणं. आमची यादी बाबांच्या डायरीतून निघाली: नागपुरातलं नंदनवन, सक्करदरा, हुडकेश्वर, बाबांचं ऑफिस, आईची भिशी, मोठ्या बाबांचे उमरेडचे लोक. एकूण ४१०. नवरदेवाकडची यादी नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून व्हॉट्सअॅपवर आली, ती माणसांची नव्हती, घरांची होती. ११० घरं. त्यातल्या ६० घरांपुढे त्याच्या बाबांनी 'चूलबंद' लिहिलंय. त्या दिवशी त्या घरी चूल पेटणार नाही, आजीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळे आपल्याकडे जेवतील. चूलबंद घरामागे ४ माणसं धरली, बाकीच्या ५० घरांना दीड-दीड. २४० आणि ७५ मिळून ३१५. दोन्हीकडचे ७२५, वर दहा टक्के वाढ. ८०० चा हॉल हवा.

आई म्हणाली, "आठशे कुठून आणतेस? साडेपाचशेच्या वर कोणी येत नाही बाप्पा." बाबा म्हणाले, हजार धर. ८०० कायम.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी. चातुर्मास लागला की चार महिने हॉलवाले मोकळे असतात आणि नीट बोलतात, हा अनुभव ताईच्या लग्नाचा.

गुरुजींकडून मुहूर्तांची यादी आली. तुळशीचं लग्न झालं की नोव्हेंबरात सुरुवात, डिसेंबरच्या मध्यापर्यंत, मग धनुर्मास. पुढे फेब्रुवारी, आणि नंतर एप्रिल-मे. पण पुढच्या वर्षी १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे उन्हाळ्यातली सगळी लग्नं मेच्या मध्याआधी कोंबली जाणार आणि लॉनवाले मागतील तो भाव होणार.

तसाही उन्हाळा मी पहिल्याच फेरीत खोडला. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ ला गेला होता. ४५ तर आपल्याकडे बातमीच होत नाही. ज्या शहरात सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी चौकाचौकात हिरवी नेट बांधावी लागते, तिथे आठशे माणसांना मे महिन्यात मांडवाखाली बसवायचं आणि वर जम्बो कूलर किती लागतील ते मोजायचं, हे मला जमणार नाही. फेब्रुवारी नवरदेवाच्या बहिणीने खोडला. तिची बारावी.

राहिला नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरची सुरुवात. त्याच्या बाबांना फोनवर सांगितलं तर तिकडून एवढंच आलं: "कापूस वेचनीले राह्यन तवा. पन पाहू."

१० जुलै, गुरुवार

काल पावसाने शाळा बंद ठेवायला लावल्या. आज उघडीप मिळाली, तशी ऑफिसातून परस्पर उमरेड रोडकडचं एक लॉन पाहून आले. पावसात लॉन पाहायला आलेली मुलगी बघून मॅनेजर जरा गोंधळला. मला हाच मोका हवा होता.

पार्किंगची जागा काळ्या मातीची, वर मुरमाचा पातळ हात फिरवलेला. माझी गाडी स्टँडवर उभी राहीना, स्टँड आत रुतत गेला. नाल्याच्या बाजूच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पाण्याची रेघ होती. सप्टेंबर २०२३ च्या त्या रात्री अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तेव्हापासून नाल्याशेजारची जागा दिसली की मी आधी भिंत पाहते. रेघ कधीची म्हणून विचारलं. "जुनी आहे मॅडम. नोव्हेंबरात इथे धूळ उडते, धूळ." खरं असेल. पण स्टेजमागून गेलेली मेन केबल ज्या पाण्यात पडली होती ते पाणी आजचं होतं, आणि केबलचा जोड चिकटपट्टीचा होता. पत्रक घेतलं नाही.

१३ जुलै, रविवार

काटोल रोड. काटोल नाक्यापासून फेटरीच्या दिशेने जाताना डावी-उजवीकडे लॉनच लॉन. आज नवरदेव सोबत होता. त्याच्या गावाहून येणारा रस्ता हाच, त्यामुळे तो खुशीत. आमच्या घरापासून शहराचं दुसरं टोक, त्यामुळे आई मुद्दाम आली नाही.

सगळीकडे स्टेज एकाच साच्यातलं: पांढरा सोफा, मागे खोट्या फुलांची भिंत, वर इंग्रजी अक्षरांत दिवे. मॅनेजर आधी तिथेच उभं करतात आणि फोटो काढा म्हणतात. मी फोटो स्वयंपाकघराचे काढले. एका ठिकाणी स्वयंपाकघर म्हणजे मागच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड, आणि भांडी घासायची जागा नवरीच्या खोलीच्या खिडकीखाली.

त्यातलं एक लॉन दोघांनाही आवडलं. स्वच्छ, झाडं जुनी, रस्त्यापासून आत. बोर्डावर क्षमता १५००. टेप लावला. झाकलेला हॉल ६० बाय ९०, म्हणजे ५,४०० चौरस फूट. खुर्ची टाकून माणशी १० फूट धरले तर ५४०. स्टेज, मधली वाट आणि बँडवाल्यांचा कोपरा काढला की साडेचारशे. बाकीचे?

"फ्लोटिंग क्राउड असते मॅडम. सगळे एका टाइमाला थोडीच येऊन राहिले."

बसमधून उतरलेलं चूलबंद वऱ्हाड फ्लोट होत नाही. ते एकदम येतं, एकदम बसतं, एकदम जेवतं आणि एकदम निघतं.

भाडं २,२५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २,६५,५००. इथपर्यंत आम्ही दोघंही माना हलवत होतो. मग एकेक निघायला लागलं. वीज मीटरप्रमाणे वेगळी. जनरेटर त्यांचा, डिझेल आपलं. सफाई वेगळी. डेकोरेटर त्यांच्या पॅनलवरचाच. कॅटरर बाहेरचा चालेल, पण ताटामागे रॉयल्टी द्यायची. रॉयल्टी कशाची, हे मी दोनदा विचारलं. आपला स्वयंपाकी आपल्याच पैशाने आपल्याच पाहुण्यांना वाढणार, त्यात या माणसाचं काय लागतं? उत्तर मिळालं, "सिस्टिम आहे."

डीजेचं विचारायला नवरदेव विसरला नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक आहे, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ४५ म्हणजे आमच्या घरातला जुना फ्रिज. मॅनेजर म्हणाला, "पावणेअकरापर्यंत चालते, काही होत नाही." लेखी देता का? नाही.

आगीचं विचारलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा इमारतींना अग्निरोधक यंत्रणा चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. हे मला साइटमुळे माहीत. "आहे, आहे, ऑफिसात आहे." ऑफिसातच तर उभे होतो.

शेरा: झाडं चांगली. बाकी पुढे पाहू.

१९ जुलै, शनिवार

पावसाळी अधिवेशन संपलं आणि हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबरपासून नागपुरात, असं जाहीर झालं. डिसेंबरचा पहिला आठवडा तिथेच गेला. १९५३ च्या नागपूर कराराची कृपा, दरवर्षी हिवाळ्यात सगळं सरकार आपल्या गावात येतं, आणि त्याच्या आठवडाभर आधीपासून सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी, वर्धा रोड इथे पाहुण्यांसाठी खोली मिळणं मुश्कील. मोर्चांमुळे रस्ते बंद, ते निराळंच. माझा पुण्याचा मामा दरवेळी विचारतो की तुमच्याकडे लग्न आणि विधानसभा एकाच हंगामात का ठेवता.

नोव्हेंबरचा शेवटचा पंधरवडा. आता तारीख हलणार नाही.

२७ जुलै, रविवार

मोठ्या बाबांच्या आग्रहाखातर वर्धा रोडवरच्या एका हॉटेलचा बँक्वेट पाहिला. दोघांचे बाबाही सोबत, कारण त्याचे बाबा बियाण्याच्या कामाने नागपुरात होते. एसी, गालिचा, थंड पाणी, सगळं व्यवस्थित. ताट १,२५० रुपये आणि १८ टक्के, म्हणजे १,४७५. आठशे माणसांचे ११,८०,०००. माझ्या बाबांनी हा आकडा ऐकून चष्मा काढला आणि पुसत बसले.

त्याच्या बाबांनी मेनूकार्ड शेवटपर्यंत वाचलं. मग मॅनेजरला विचारलं, "आलू-वांग्याची भाजी कुठी लिहिली हाये?"

"सर, आपल्याकडे लाइव्ह पास्ता काउंटर आहे, चाट आहे, पनीरचे चार प्रकार..."

"ते ठेवा तुम्ही. लग्नात आलू-वांगे नाही तं लोकं म्हनतीन, पोराचं लगन केलं का पार्टी केली?"

"सर, शेफशी बोलून स्पेशल करून देऊ."

"आन पंगत?"

पंगत नाही. बसून जेवायला गोल टेबलं, त्यांवर एकूण माणसं ८०.  बाकी उभ्याने. त्याच्या बाबांनी हात जोडून चहा मात्र पूर्ण संपवला. बाहेर येऊन म्हणाले, जागा चांगली आहे, आपल्या मापाची नाही. मी वहीत एवढंच लिहिलं असतं, त्यांनी माझं काम वाचवलं.

३ ऑगस्ट, रविवार

नरखेडकडे गेलो. खरं तर त्याच्या आजीला भेटायला. हॉलचा विषय निघणार नव्हता, पण ओसरीवर शेजारपाजारचे जमले आणि निघाला. आजच्या नोंदीला जरा जास्त जागा देते.

मी विचारलं, संध्याकाळचं लग्न ठेवलं तर सगळ्यांना सोयीचं पडेल ना? दिवसभर शेतातली कामं उरकून येता येईल. माझ्या डोक्यात ऑफिसवाले होते, हे आता कळतं. ओसरीवर कोणी एकदम नाही म्हणालं नाही. एका काकांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, "येऊ ना, न यायले काय झालं." मग आजी बोलली. लग्न रात्रीचं असलं की घरटी एक बाप्या येतो, बाया येत नाहीत. संध्याकाळी जनावरांच्या धारा असतात. नऊला जेवून बस निघाली तर गावात बारा वाजतात, थंडीत लेकरं मांडीवर. शिवाय नोव्हेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असतं, आणि मोटारीची लाइन रात्रपाळीची असेल तर रात्री शेतात कुणीतरी लागतंच. "चूलबंद सांगतेस माय, तं चूल पेटाच्या आत घरी पोचव," असं म्हणाली.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघं हिशेब करत आलो. त्या ६० चूलबंद घरांमधून रात्रीच्या लग्नाला घरटी एकच आला तर २४० चे ६० होतात. हॉल मोकळा, अन्न उरलेलं, आणि मुख्य म्हणजे ज्या बाया त्याला लहानपणापासून ओळखतात त्या घरी. नोव्हेंबरअखेर नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बस चारला निघाली तर सातच्या आत गावात. चारला निघायचं तर साडेतीनला शेवटची पंगत उठली पाहिजे. म्हणजे लग्न दुपारी बाराच्या आत लागलं पाहिजे.

नरखेड जंक्शन आहे, इटारसी लाइनवर. रेल्वेने येऊ का, असंही एकाने सुचवलं. स्टेशनवरून आठशेतले तीनशे लोक हॉलपर्यंत नेणं हा वेगळा प्रकल्प होईल. बसच बरी.

आजवर काढलेली सगळी कोटेशनं संध्याकाळची आहेत. सगळी बाद. लॉन, दिवे, डीजे, दहाची मर्यादा, जनरेटर, सगळ्या रकान्यांवर तिरपी रेघ मारली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. सगळी भावंडं घरी, त्यामुळे दिवसाच्या लग्नाची बातमी फुटली. चुलतबहिणींचा पहिला प्रश्न: फोटो? दिवसा लायटिंगचे फोटो येत नाहीत. दुसरा प्रश्न: रिसेप्शन? नाही. पोट्ट्यांनी डीजेसाठी हळदीचा दिवस मागून घेतला, घरासमोर, दहापर्यंत. मंजूर. हळदीला सावजी मटणही मंजूर झालं, ते मी मागितलं होतं.

आईचा मुद्दा वेगळा होता आणि ती तो जेवणं झाल्यावर बोलली. दिवसाचं असू दे. पण हॉल काटोल रोडकडेच का बघता? लग्न मुलीकडचं, तर हॉल मुलीच्या घराजवळ असतो. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाला उतरायची जागा, त्यांना द्यायचा, त्यांनी यायचं. "आपल्याच लोकांनी शहर पार करून जायचं काय?"

मी कागद काढला. आमचे ४१० त्यांच्या-त्यांच्या गाडीने येणार, जास्तीत जास्त पाऊण तास. त्यांचे ३१५ सात-आठ बसमधून, दोन-अडीच तास आधीच बसलेले. नंदनवनला हॉल घेतला तर त्या बसांनी दुपारी चारला तिथून निघून पूर्ण शहर कापायचं, म्हणजे काटोल नाक्यालाच पाच. आई कागदाकडे न बघता म्हणाली, "मला आकडे नको दाखवू. मोठ्या आईला कोण सांगणार?" मोठी आई ७८ वर्षांची, गुडघे गेलेले. तिच्यासाठी गाडी, आणि हॉल तळमजल्यावरच, या दोन अटी वहीत आल्या. आई त्यानंतर गप्प झाली. राजी झाली असं मी लिहिणार नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

फोनवर सकाळच्या पाळीची चौकशी. दिवसाचा हॉल मागितला की समोरचा खूश व्हायचा, मग हळूच कळायचं की संध्याकाळ तो दुसऱ्या पार्टीला विकणार आहे. म्हणजे आपली शेवटची पंगत बसलेली आणि दोन वाजता दुसऱ्यांचे डेकोरेटर शिड्या घेऊन आत. आता भाड्याआधी एकच प्रश्न विचारायचा: दुसरी पार्टी किती वाजता येते? बऱ्याच जणांनी यावर "अॅडजस्ट करून घेऊ" म्हटलं. ते सगळे बाद.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून काटोल रोडवरच, गिट्टीखदानच्या बाजूला, एका ट्रस्टचं सभागृह पाहिलं. बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांनी सांगितलं होतं. बाहेरून शाळेसारखं दिसतं: पिवळा डिस्टेंपर, लोखंडी गेट, आवारात कडुनिंब. नवरदेवाचा चेहरा पडला. त्याला ती झाडांची ओळ असलेलं लॉन अजून विसरलं नाही.

आत एक डोहाळजेवण सुरू होतं, त्यामुळे जागा वापरात असताना पाहायला मिळाली. रिकाम्या हॉलपेक्षा हे फार बरं. पंखे चालू असताना माइकवरचा आवाज मागे नीट पोचतो का, बायकांच्या संडासाबाहेर रांग किती, हात धुवायच्या बेसिनजवळ पाणी साचतं का, सगळं दिसलं. रांग होती, पण लहान. पाणी साचत नव्हतं, उतार बरोबर काढलाय. कुण्या जुन्या मिस्त्रीचं काम.

मोजमाप: सभागृह ५० बाय ८०, तळमजला. ४,००० चौरस फुटांत स्टेज काढून साडेतीनशे खुर्च्या. जेवणाचा हॉल वेगळा, त्याला लागून, पंगतीला २०० पानं. आवारात मांडव टाकला तर आणखी दोनशे माणसं सावलीत बसतात, आणि नोव्हेंबरातलं दुपारचं ऊन कुणाला नको होत नाही. स्वयंपाकघर पक्कं, फरशीचं, धुराडं आहे. नवरीची आणि नवरदेवाची अशा दोन खोल्या, नवरीच्या खोलीला आतून कडी आहे (हे मी तपासते, बऱ्याच ठिकाणी नसते).

ट्रस्टचे सचिव निवृत्त मास्तर आहेत. फॉर्म बी विचारला, तर म्हणाले, "मागे वळा." भिंतीवर फ्रेममध्ये, जुलैचा. भाडं दिवसाचे ६५,००० आणि जीएसटी, म्हणजे ७६,७००. अनामत १५,००० परत मिळणारी. वीज त्यातच. स्वयंपाकी कुणाचाही आणा. मांसाहार नाही, दारू नाही, डीजे नाही, बँड गेटपर्यंत. आणि संध्याकाळी ते दुसऱ्याला देत नाहीत, कारण साडेपाचला तिथे मुलांची अभ्यासिका उघडते. त्याआधी टेबलखुर्च्या लागलेल्या हव्यात, त्यामुळे पाचला हॉल रिकामा, मिनिटभर वर नाही. दुसऱ्या पार्टीपेक्षा मला ही अभ्यासिका चालेल.

रविवार मात्र दोन्ही गेलेले. शेवटच्या आठवड्यात मंगळवार, २५ नोव्हेंबर मोकळा. गुरुजींच्या यादीत तो आहे.

पुण्याचा मामा फोनवर: आता १० तारखेपासून पुणे-अजनी वंदे भारत सुरू झाली, सकाळी निघून संध्याकाळी अजनीला उतरतो, तारीख सांग. मामाची सोय परस्पर झाली.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. महाल-इतवारीकडे जायचं काम नव्हतंच, तरी गेलो. काळ्या आणि पिवळ्या मारबतीची भेट झाली, बडगे (टीकेचे, टिंगलीचे पुतळे) पाहिले. गर्दी ओरडत होती, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. नवरदेव माझ्या कानाशी ओरडला, "रॉयल्टी घेऊन जा गे मारबत!" हॉलचं काम आज शून्य.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मंगळवारवरून आमच्याकडच्या ऑफिसवाल्यांची कुरकुर: सुट्टी टाकावी लागेल. बाबांनी त्यांच्या ४१० पैकी किती कमी होतील याचा अंदाज ७० काढला. त्याच्या गावाकडे मंगळवारचं कुणाला काही वाटलं नाही, शेतीला रविवार नसतोच. नवरदेवाने सांगितलं की आजीच्या फोनवर आता बायांचेही फोन येताहेत, बस कुठून सुटेल म्हणून. त्याने झाडांच्या लॉनचा फोटो फोनमधून काढून टाकला, हे मी पाहिलं. काही बोलले नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. दीडशे माणूस घरी जेवून गेलं. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरण, वाढणारे सगळे घरचे. मी पंगतीला घड्याळ लावलं, आईने डोळे वटारले तरी. पान मांडल्यापासून पुढच्या पंगतीसाठी जागा पुसून होईपर्यंत पहिली पंगत ५१ मिनिटं, दुसरी ४४, तिसरी ३९. पहिलीला वेळ लागला कारण मीठ-लिंबू वाढणारा शेवटी आला.

हे हॉलला लावून पाहिलं. २०० पानांच्या ४ पंगती, ४० मिनिटांप्रमाणे २ तास ४० मिनिटं. मुहूर्त पावणेबाराचा. साडेबाराला पहिली पंगत बसली तर ३ वाजून १० मिनिटांनी चौथी उठते. वीस मिनिटं हाताशी राहतात, ती नक्कीच लागतील. पहिल्या दोन पंगती गावाकडच्या लोकांच्या, असं ठरवलं की बसचा प्रश्न आणखी सैल होतो. आमचे शहरातले उशिरा जेवतील, त्यांना सवय आहे. मांडवात ताक आणि पाटोडीचं एक टेबल ठेवायचं, म्हणजे थांबणारे चिडत नाहीत.

मेनू घरच्या घरीच ठरला: आलू-वांगे, वरण-भात, पुऱ्या, कढी, बुंदी, जिलबी, मठ्ठा, पुडाची वडी. सक्करदऱ्याच्या आचाऱ्याने पान ३२० सांगितलं, वाढपी त्याचे. आठशेचे २,५६,०००. हॉल धरून ३,३२,७००. वर्धा रोडवर ताटांचंच ११,८०,००० होत होतं. बाबांनी आज चष्मा पुसला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

आज अनंत चतुर्दशी. उद्या ग्रहण, परवापासून पितृपक्ष. पंधरा दिवस आई कुठेही पैसे देऊ देणार नाही, आणि घटस्थापनेपर्यंत मंगळवार कुणी धरून ठेवणार नाही. म्हणून आजच. विसर्जनाच्या गर्दीआधी सकाळीच निघालो. आईही आली. पहिल्यांदा.

ती सभागृह पाहायला गेलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून पाहिला, मग संडास पाहिले, मग जेवणाच्या हॉलपासून गेटपर्यंत चालत जाऊन परत आली. "मोठ्या आईला खुर्ची इथे, दाराजवळ. वारा लागणार नाही." सचिवांनी वहीत तशी नोंद केली, दाराजवळ एक हातांची खुर्ची. मला हा माणूस आवडतो.

अॅडव्हान्स ३०,००० चेकने. पावतीवर या गोष्टी हाताने लिहून घेतल्या: सकाळी ६ पासून हॉल, आदल्या रात्री ८ नंतर आचाऱ्याला स्वयंपाकघर, दुपारी ५ ला ताबा, आवारात मांडवाची परवानगी, वीज भाड्यात, अनामत तीन दिवसांत परत. तारीख आपण बदलली तर ६० दिवसांआधी अर्धे पैसे परत. ट्रस्टकडून बदलली तर पूर्ण. सचिव म्हणाले एवढं कुणी लिहून घेत नाही. बाबांनी कौतुकाने मान हलवली, आई म्हणाली, सासरी असं करू नको.

लग्न नोंदणीच्या अर्जात ठिकाण लिहावं लागतं, म्हणून पावतीवरचा पूर्ण पत्ताही उतरवून घेतला.

राहिलेलं: काटोलच्या ट्रॅव्हल्सवाल्याचं कोटेशन आलंय, ४० सीटच्या आठ बस. ट्रस्टच्या आवारात मांडव टाकल्यावर बस शिरणार नाही, बाहेरच्या रस्त्यावर दोनच उभ्या राहतात. शेजारच्या शाळेचं मैदान मंगळवारी शाळा सुटेपर्यंत मिळणार नाही. बाकीच्या सहा फेटरीकडे नेऊन ठेवायच्या आणि साडेतीनला बोलवायच्या, की ड्रायव्हरना पहिल्या पंगतीला बसवून तिथेच फिरवत ठेवायच्या, हे नवरदेवाने सोमवारपर्यंत सांगायचं आहे. वहीत लिहून. त्याला पेन दिला आहे.